ग्रह न हलवण्याबाबत

एस्कनाबा, मिशिगन
९ जानेवारी १९८४

नियम विभाग, स्टिलवेल गेम्स
पिओरिया, इलिनॉय

महोदय,

गेली सात वर्षं आम्ही चौघं दर गुरुवारी संध्याकाळी माझ्या तळघरात आपला ‘फार लँटर्न्स’ हा अवकाशजहाजांचा खेळ खेळतो. तिघं आपापल्या जहाजाचे कप्तान असतात. मी पंच असतो. वादळ, चाचे, बंदरातले अधिकारी आणि नियम हे सगळं माझ्याकडे. एरवी मी वाहन परवाना कार्यालयात चालक तपासनीस आहे, तेव्हा कुणाची बाजू न घेणं हा माझा पोटापाण्याचाच व्यवसाय आहे असं समजा.

प्रश्न असा. गेल्या गुरुवारी एका कप्तानाने नेहमीप्रमाणे आपला हुकूम चिठ्ठीवर लिहून माझ्याकडे दिला: ‘सरळ, नऊ घरं.’ जहाजाला आधीचाच वेग नऊ घरांचा होता, आणि आपल्या पाचव्या नियमाप्रमाणे एका डावात तो दोनाहून जास्त कमी करता येत नाही. ते मी समजू शकतो. पण त्या सरळ रेषेत सहाव्या घरात एक ग्रह होता. वळायला जागा होती. कप्तान वळला नाही.

सहावा नियम म्हणतो की डाव संपताना जहाज ग्रहाच्या घरात असेल तर ते नष्ट झालं. वाटेत ग्रह आला तर काय, याबद्दल पुस्तक गप्प आहे. माझं मत, ग्रह वाटेत असला तरी ग्रहच असतो. मी जहाज नष्ट झाल्याचं जाहीर केलं. कप्तानाला ते मान्य नाही. आपला निकाल येईपर्यंत खेळ थांबवला आहे.

माझा या प्रकरणात कोणताही व्यक्तिगत हितसंबंध नाही.

आपला,
रेनो हाकाला

•

पिओरिया, १८ जानेवारी १९८४

श्री. हाकाला यांस,

आपल्या पत्राबद्दल आभार. आपण मांडलेला मुद्दा अगदी योग्य आहे. वाटेत ग्रह असेल तर जहाज त्यावर आदळणार हे उघड आहे, आणि आपल्यासारखे जाणकार ग्राहक ते नेमकं हेरतात याचा विभागाला आनंद होतो.

पुढच्या पेरणीसाठी शुभेच्छा.

डब्ल्यू. स्टिलवेल
नियम विभाग

•

एस्कनाबा, २० जानेवारी १९८४

नियमवाले साहेब,

अक्षर मोठं काढतो, त्याबद्दल माफ करा. पान संपलं तर मागे बघा.

मी डेलबर्ट लाकोंब. तीस वर्षं लोहखनिजाच्या बोटींवर सुकाणू धरलं, आता घरी असतो. तुमच्या खेळात माझं जहाज होतं, ‘अर्लीन-दोन’. अर्लीन माझी बायको. ‘अर्लीन-एक’ ही माझी मासेमारीची होडी होती, ती खऱ्या पाण्यात बुडाली, म्हणून ही कागदावर ठेवली होती. सात वर्षं सांभाळली. पाच खलाशी होते. स्वयंपाक्याला लाकडी पाय होता, तो फाशावर चौथ्या वर्षी मिळाला. सगळे गेले म्हणतात.

कुणी म्हटलं? आमच्या पंचाने. नाव नाही सांगत, चुगली नको.

मला एकच सांगा. माझं जहाज म्हणजे एक लाकडी ठोकळा आहे. डाव आला की मी तो उचलतो आणि नऊ घरं पुढे ठेवतो. आधी तो एका घरात असतो, मग दुसऱ्या घरात असतो. मधल्या वेळात तो कुठे असतो? माझ्या हातात! अवकाशात नसतोच. आता हातातलं जहाज ग्रहावर कसं आपटेल? पंचाला हे सांगितलं तर म्हणतो, “डेलबर्ट, पोरकटपणा करू नकोस.” मी साठ वर्षांचा आहे.

अर्लीन म्हणते, लाकडाच्या ठोकळ्यावरून मित्र तोडू नकोस. तोडतोय कोण? मी फक्त विचारतोय.

डेलबर्ट लाकोंब

•

पिओरिया, ३० जानेवारी १९८४

श्री. लाकोंब यांस,

आपल्या पत्राबद्दल आभार. आपण मांडलेला मुद्दा अगदी योग्य आहे. ठोकळा कप्तानाच्या हातात असताना जहाज कोणत्याही घरात नसतं, तेव्हा ते आपटण्याचा प्रश्न येत नाही. आपलं जहाज सुखरूप आहे असं समजावं. आपल्या स्वयंपाक्यास विभागाचा नमस्कार.

पुढच्या पेरणीसाठी शुभेच्छा.

डब्ल्यू. स्टिलवेल
नियम विभाग

•

एस्कनाबा, १३ फेब्रुवारी १९८४

महोदय,

हे पत्र मी तीन वेळा टंकित केलं. पहिल्या दोन प्रतींतली भाषा टपालाने पाठवण्याजोगी नव्हती.

आपला १८ जानेवारीचा निकाल मी खिशात जपून ठेवला होता. आमच्यातली एक कप्तान, वर्ना, मुलीकडे मिल्वॉकीला गेली होती, आणि चौघं हजर असल्याशिवाय निकाल वाचायचा नाही हा माझा दंडक आहे. ९ तारखेला चौघं जमलो. अर्लीनने डेलबर्टबरोबर मटणबटाट्याच्या करंज्या पाठवल्या होत्या, त्या अजून गरम होत्या. मी उभा राहून म्हणालो, “विभागाचा निकाल आला आहे.”

“अरे वा,” डेलबर्ट म्हणाला, “तुझाही आला?”

आणि त्याने स्वतःच्या खिशातून पत्र काढलं.

दोन्ही पत्रं नकाशावर शेजारी शेजारी ठेवली. आमचे तिसरे कप्तान पर्सी हे दंतवैद्य आहेत. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून, एखाद्याच्या जबड्यात डोकवावं तसं दोन्ही पत्रांत डोकावलं आणि म्हणाले, “सही एकच आहे. टाइपरायटरही एकच. दोन्हीकडे स्वल्पविराम अर्धाच उमटलाय.”

वर्ना म्हणाली, “म्हणजे जहाज बुडालंय आणि नाहीही. चला, करंज्या खाऊया.”

“जहाज बुडालंय,” मी म्हणालो. “माझं पत्र आधीचं आहे.”

“मग माझं नंतरचं आहे,” डेलबर्ट म्हणाला. “नंतरचा हुकूम आधीच्याला खातो. बोटीवर तसंच असतं.”

“ही बोट नाहीये!”

“तेच तर मी म्हणतोय! हा ठोकळा आहे!”

मी त्याला शांतपणे सांगितलं की नियम कुणाच्या तोंडाकडे बघून वाकत नाही.

“हेच तू ऑक्टोबरमध्येही म्हणाला होतास,” तो म्हणाला.

ऑक्टोबरचा या खेळाशी काहीही संबंध नसल्यामुळे त्याबद्दल इथे लिहीत नाही.

त्याने ठोकळा खिशात घातला, कोट चढवला आणि निघाला. मी म्हणालो, थांब, सोडतो. तो म्हणाला, “मला पाय आहेत, आणि त्यांना परवाना लागत नाही.” बाहेर गुडघाभर बर्फ. मी गाडी काढली आणि दिवे लावून, माणसाच्या चालीने, दीड मैल त्याच्या मागे मागे गेलो. हे रहदारीच्या नियमात बसत नाही याची मला जाणीव आहे. त्याने एकदाही मागे वळून बघितलं नाही.

तेव्हा विभागाने एकच निकाल द्यावा. माझ्या दृष्टीने हा केवळ तत्त्वाचा प्रश्न आहे. गुरुवारचा खेळ बंद झाला तरी मला संध्याकाळी करायला भरपूर कामं आहेत. गेल्या चार दिवसांत मी तळघरातले सगळे स्क्रू मापाप्रमाणे वेगळे केले.

आपला,
रेनो हाकाला

ता. क. आपल्या पत्रांच्या शेवटी ‘पेरणी’चा उल्लेख असतो. ग्रहांवर वसाहती वसवण्याचे नियम येत आहेत असा त्याचा अर्थ आम्ही घेतला आहे. ते आल्यास कृपया नीट तपासून पाठवावेत.

•

एस्कनाबा, १५ फेब्रुवारी १९८४

नियमवाले साहेब,

रेनोने तुम्हाला लिहिलं असणारच. त्याने लिहिलं नाही असं एकही कार्यालय या देशात नसेल. आता नाव कळलंच आहे, तर सगळं सांगतो.

ऑक्टोबरमध्ये मी परवाना नवा करायला गेलो. खिडकीत रेनो. म्हणाला, “डेलबर्ट, चौथी ओळ वाच.” मी वाचली. म्हणाला, “तू अंदाजाने वाचलीस.” मी म्हणालो, तीस वर्षं धुक्यात अंदाजानेच बोटी चालवल्या, एकही खडक लागला नाही. म्हणाला, नियम कुणाच्या तोंडाकडे बघून वाकत नाही. आणि माझा परवाना कात्रीने कापला, माझ्यासमोर. वर त्याच संध्याकाळी दारात हजर! “गुरुवारी मी तुला न्यायला येत जाईन.” आता सांगा, अशा माणसावर धड रागावता तरी येतं का?

आलाही तो. दर गुरुवारी, ठोक्याला सहा. मी शेजारच्या सीटवर बसायचो आणि तो सगळ्या सिग्नलांना थांबायचा, पिवळ्यालासुद्धा. मी काही बोललो नाही. कारण तळघरात गेलं की माझ्या हातात जहाज असायचं. तेवढं एकच राहिलं होतं.

आता जे लिहितो ते रेनोला कळवू नका. शपथ घ्या हवं तर. आमच्याकडचे गत्त्याचे ग्रह चार वर्षांपूर्वी हरवले. तेव्हापासून आम्ही लोणच्याच्या बरण्यांची झाकणं वापरतो. पांढरी झाकणं, पांढरा नकाशा, वर तळघरातला तो पिवळा दिवा. साहेब, मला ते झाकण दिसलंच नाही. मी वळलो नाही असं रेनो म्हणतो. वळणार कशाला? माझ्या लेखी तिथे काहीच नव्हतं.

हे मी तिथे सांगू शकलो असतो. मग तो म्हणाला असता, “बघ, म्हणूनच परवाना कापला.” म्हणाला नसता कदाचित. पण मनात आणलं असतं. त्यापेक्षा पोरकट म्हणवून घेतलेलं परवडतं.

त्या दिवशी बर्फातून चालत निघालो तर हा मागून दिवे मारत घरापर्यंत आला. चिडवायला असणार.

गेला सोमवार मी अर्लीनच्या रजया शिवणाऱ्या बायकांत बसून काढला. मला सुईत दोरा ओवायला दिला. आता कळलं असेल किती मजा आली ते.

डेलबर्ट

•

पिओरिया, २० फेब्रुवारी १९८४

क्लाइड,

फ्लोरिडात ऊन बरं आहे ना? इथे गॅरेजमध्ये तुझ्या खेळाची अकराशे खोकी आहेत आणि त्यामुळे माझी गाडी नऊ वर्षं बर्फात उभी आहे. पण आज त्यासाठी लिहीत नाही.

तू हौस फिटल्यावर निघून गेलास तेव्हा म्हणालास, “विनी, कुणाचं पत्र आलं तर काहीतरी उत्तर दे.” मी देते. दिवसभर बियाणं कंपनीत तेच करते. ‘तुमची काकडी उगवली नाही’ असं कुणी लिहिलं की मी ‘आपलं म्हणणं योग्य आहे’ असं लिहिते. ‘तुमची काकडी फार उगवली’ असं लिहिलं तरी तेच. सतरा वर्षांत एकाही माणसाने दुसरं पत्र पाठवलं नाही. शेवटची शुभेच्छाही सवयीने तीच टाइप होते. तुझ्या खेळाचं मला ओ की ठो कळत नाही. पण कुणाला खरं उत्तर हवं असतं असं मला कधी वाटलं नव्हतं. म्हणणं बरोबर आहे एवढं ऐकलं की लोक गप्प बसतात.

तर एस्कनाबात दोन माणसांना मी एकाच जहाजाबद्दल दोन उलट निकाल दिले. मला काय ठाऊक, दोघं एकाच टेबलाशी बसतात! आता एक गडी स्क्रू वेगळे करतोय आणि दुसरा सुईत दोरा ओवतोय. पंचावन्न-साठीची माणसं आहेत, क्लाइड. त्यांना एकमेकांशिवाय दुसरा गुरुवार नाही. आणि हे दोघांपैकी एकही जण मेला तरी कबूल करणार नाही.

कुणाचं एकाचं खरं म्हटलं तर दुसरा कायमचा गेला. रविवारी बसून तुझं पुस्तक पहिल्यांदा पुरतं वाचलं. पान एकतीसवर असं दिलंय की दर डावाच्या सुरुवातीला पंचाने सर्व ग्रह एक घर पुढे सरकवावेत. दोघांच्याही पत्रात ग्रह सरकवल्याचा शब्द नाही. हा नियम खरा आहे का? लोक तो पाळतात का? लवकर कळव. एरवी तुला लवकर कळवायला सांगितलंय का मी कधी?

विनिफ्रेड

•

(पोस्टकार्ड, पाठीमागे मगरीचं चित्र)

२८ फेब्रुवारी

विनी, पान एकतीस? आठवतही नव्हतं. छापखान्याला पानं चाराच्या पटीत लागतात आणि आमची पस्तीस भरली होती. एक पान कोरं राहत होतं, म्हणून ग्रह हलवले. मी स्वतः कधीच हलवले नाहीत, फार कटकट. कुणीच हलवत नसेल. तुला हवं ते सांग त्यांना. विभाग तूच आहेस. क्ला.

•

पिओरिया, ५ मार्च १९८४

श्री. हाकाला आणि श्री. लाकोंब यांस,
(एकाच पत्राच्या दोन प्रती. शब्द न् शब्द तोच आहे, ताडून पाहावा.)

प्रथम एक खुलासा. नियम विभाग म्हणजे मी. मी साहेब नाही, बाई आहे, आणि खेळ माझ्या भावाने लिहिला आहे. आपल्याला दोन वेगळे निकाल गेले ही विभागाची चूक. आपल्याला झालेल्या मनस्तापाबद्दल दिलगीर आहे.

आता अंतिम निकाल. विभागाने पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासलं. जहाज वाटेतल्या ग्रहावर आपटतं की नाही, या प्रश्नात शिरण्याची गरजच नाही, कारण तिथे ग्रह नव्हता.

पान एकतीस पाहावं. दर डावाला प्रत्येक ग्रह एक घर पुढे सरकवायचा असतो. आपल्या पत्रांवरून दिसतं की आपल्या तळघरात सात वर्षांत एकही ग्रह हललेला नाही. दर गुरुवारी सहा डाव धरले तरी तो ग्रह जानेवारीपर्यंत दोन हजार घरं पुढे गेलेला असायला हवा. तो आपल्या नकाशावर तर नाहीच, बहुधा आपल्या जिल्ह्यातही नाही. म्हणजे श्री. हाकाला, आपण जहाज अशा ग्रहावर आपटवलंत जो तिथे नव्हता. आणि श्री. लाकोंब, आपण सात वर्षं ज्या बंदरांत उतरलात, माल चढवलात आणि स्वयंपाक्याला पाय मिळवून दिलात, तीही तिथे नव्हती. तेव्हा नियमाप्रमाणे १९७७ पासूनचे सर्व डाव रद्द समजून खेळ पहिल्यापासून सुरू करावा.

विभागाची आणखी एक सूचना, सर्व ग्राहकांसाठी, कुणा एकासाठी नव्हे: ग्रह पांढरे नसावेत. लाल असावेत. चांगले भडक.

पुढच्या पेरणीसाठी शुभेच्छा. (वसाहतींचे नियम येणार नाहीत. मी बियाणं कंपनीत काम करते.)

विनिफ्रेड स्टिलवेल
नियम विभाग

•

एस्कनाबा, १६ मार्च १९८४

विनिफ्रेडबाई,

हे पत्र आम्ही दोघं मिळून लिहीत आहोत. टंकन हाकाला करत आहे, लाकोंब शेजारी उभा राहून बोलत आहे आणि करंजीचे तुकडे यंत्रात पाडत आहे.

आपला निकाल आम्हाला साफ अमान्य आहे.

तो शनिवारी पोचला. मी (हाकाला) वाचला आणि तसाच गाडीत बसलो, लाकोंबकडे जायला. अर्ध्या वाटेत तो समोरून चालत येताना दिसला, हातात हाच कागद. मी काच खाली केली.

“वाचलंस?” तो ओरडला.

“वाचलं!”

“सात वर्षं रद्द म्हणे! बाई शुद्धीवर आहे का?”

“आधी आत बस, बर्फ आत येतोय.”

तो बसला. महिन्याने बसला, हे नंतर लक्षात आलं.

बाई, विचार करा. १९७९ साली लाकोंबने चाच्यांच्या तावडीतून वर्नाचं जहाज सोडवलं, ते कुठे होतं? नव्हतं? पर्सी ज्या चंद्रावर अकरा डाव तुरुंगात होते, तो चंद्र नव्हता? ते तर म्हणतात की त्या तुरुंगातली चव अजून तोंडात आहे. कार्यालयात बसून पान उलटायला काय लागतं! इथे माणसं राहिली आहेत त्या ग्रहांवर. (हे वाक्य लाकोंबचं. मी ते खोडणार होतो. ठेवलं.)

१५ तारखेला चौघं जमलो आणि एकमताने ठराव केला की आमच्या तळघरात ग्रह हलत नाहीत. पान एकतीस आमच्या पुस्तकातून कात्रीने कापलं. कात्री मी चालवली. “सराईत आहेस,” लाकोंब म्हणाला. पान सोबत जोडलं आहे. आपलं आपल्याला लखलाभ.

लाल रंगाची सूचना मात्र वाजवी वाटली. सगळी झाकणं मी रंगवली आहेत, दोन हात. तळघरातला दिवाही बदलला. ही सूचना सर्व ग्राहकांसाठी आहे असं आपण लिहिलं आहे, आणि मी ते तसंच घेतलं आहे. मी चोवीस वर्षं माणसांचे डोळे तपासतो. काही गोष्टी मला जानेवारीतच दिसायला हव्या होत्या.

(ही शेवटची दोन वाक्यं त्याने मला वाचून दाखवली नाहीत. पण कागद नाकाशी धरला की मला दिसतात. डे. ला.)

राहिलं जहाज. त्यावर काल दोन तास कडाक्याचं भांडण झालं. मी म्हणालो, झाकण दिसण्यासारखं नव्हतं, तेव्हा हुकूमच ग्राह्य नाही, जहाज वाचलं. लाकोंब म्हणाला, जहाज गेलं म्हणजे गेलं. “तीस वर्षं सुकाणू धरलं मी. सोमवारच्या आणि मंगळवारच्या मुक्कामांच्या मध्ये खडक असेल तर तो लागतो. जहाज कुणाच्या हातात आहे हे खडक विचारत नाही.” मी म्हणालो, मग हे तू जानेवारीत का नाही बोललास? तो म्हणाला, “जानेवारीत तू बोलत होतास.”

शेवटी फासा टाकला. जहाज गेलं, माणसं वाचली. स्वयंपाकीसुद्धा. पाय मात्र नाही सापडला.

आपले,
रेनो हाकाला
डेलबर्ट लाकोंब

•

एस्कनाबा, ९ एप्रिल १९८४

विनिफ्रेडबाई,

हे पत्र खासगी समजावं.

जहाज गेल्यावर लाकोंब म्हणाला, आता नवं जहाज नको, थोडे दिवस मला पंच होऊ दे. मी मोठ्या मनाने होकार दिला आणि सात वर्षांत पहिल्यांदा कप्तान झालो. माझ्या जहाजाचं नाव ‘नियमित’.

गेले तीन गुरुवार मी बंदरातून बाहेर पडू शकलेलो नाही. लाकोंबने बंदरात एक परीक्षा सुरू केली आहे. पुस्तकात असलं काही नाही! जहाज धक्क्याला समांतर लावून दाखवायचं. पहिल्यांदा तो म्हणाला, “धक्क्यापासून दूर राहिलं. नापास.” दुसऱ्यांदा म्हणाला, “आरशात बघितलं नाहीस.” मी म्हणालो, अवकाशजहाजाला आरसा नसतो. तो वहीत काहीतरी लिहीत राहिला, मान वर न करता, आणि म्हणाला, “पुढच्या गुरुवारी परत या, साहेब.” वर्ना आणि पर्सी हसून हसून टेबलाखाली जायचे बाकी होते. गुरुवारी त्याला घरून आणतो मी, घरी सोडतो मी, आणि नापासही मीच!

माझं म्हणणं, पंचाला असा परवाना अडवून ठेवण्याचा अधिकार नाही. आपण सहमत असाल अशी खात्री आहे. आपण आजवर नेहमीच सहमत झाला आहात.

आपला,
रेनो हाकाला

•

पिओरिया, १६ एप्रिल १९८४

श्री. हाकाला यांस,

आपल्या पत्राबद्दल आभार. आपलं म्हणणं साफ चूक आहे. हे वाक्य मी सतरा वर्षांत प्रथमच टाइप करते आहे, आणि ते पुन्हा एकदा करावंसं वाटतं. आपलं म्हणणं साफ चूक आहे. पंचाचा निर्णय अखेरचा असतो, आणि तो कुणाच्या तोंडाकडे बघून वाकत नाही.

आरशात बघत चला. गुरुवारी ठोक्याला सहा.

पुढच्या पेरणीसाठी शुभेच्छा.

विनिफ्रेड स्टिलवेल
नियम विभाग